घरात चालेल असा पाखरांचा कुत्रा

बाबांची जीभ जड व्हायला लागली त्याच सुमारास आमच्या घरात कुत्र्यांच्या जातींवर बोलणं सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता आणि तो आम्हां चौघांनाही ठाऊक होता. आजाराचं नाव बाबांनी स्वतःच सांगितलं, जेवताना, पोळीचा तुकडा हातात तसाच धरून. मोटर न्यूरॉन. आधी बोलणं, मग गिळणं, मग हात, आणि सगळ्यात शेवटी श्वास, असा क्रमही सांगितला. बाबा बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. टेबलावर झोपलेल्या माणसाचा श्वास सांभाळणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, तेव्हा पुढचं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी पंधरा वर्षांची होते, धाकटा ऋषी नऊ वर्षांचा. आई म्हणाली, "आमटी गार होतेय," आणि त्यांच्या वाटीत आणखी वाढली. बाबा तिला म्हणाले, "वृंदा, आता तो कुत्रा घेऊ या."

"तो कुत्रा" म्हणजे कुठला हे आम्हाला माहीत होतं. आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मी चौथीत होते. त्याच्याही आधी बाबा एकटेच आले होते आणि श्रॉपशरमधल्या एका लहान हॉस्पिटलात राहिले होते. सुट्टीच्या दिवशी करायला काही नसे, म्हणून ते तिथल्या डोंगरमाथ्यावर चालत सुटायचे. तिथे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं की एक कुत्रा जांभळ्या झुडपांतून वाऱ्यासारखा पळतो आहे आणि मधेच एकदम थांबतो. नाक पुढे, शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, आणि पापणीसुद्धा हलत नाही. समोरच्या झुडपात पाखरं दडून बसलेली असतात. त्यांचा वास त्याला आलेला असतो, पण तो झडप घालत नाही. मालक चालत चालत जवळ येईपर्यंत तसाच उभा राहतो. "अख्खा डोंगर थांबला गं," बाबा सांगायचे. अशा कुत्र्यांना ते पाखरांचे कुत्रे म्हणत, आणि दर दोनेक वर्षांनी तसा एक घेण्याची गोष्ट काढत. आई म्हणे, "रिटायर झालात की घ्या." आता हॉस्पिटलनं त्यांना रिटायर केलं होतं, त्यामुळे आईला ते वाक्य पुन्हा म्हणता येईना.

आईचा विरोध मात्र कायम होता. कौन्सिलच्या लायब्ररीत ती अर्धा दिवस काम करायची, गाडी उत्तम चालवायची, पण काम नसताना घराबाहेर पडणं तिला जमत नसे. "उगीच काय चालायचं? कुठे जायचंय?" बाबा बरोबर असले तर ती कालव्याच्या काठानं मैलभर जाई, एकटी कधीच नाही. बाबांना हे ठाऊक होतं. त्यांनी ते आमच्यासमोर, काही न झाकता सांगितलं. बोलताना शब्दांच्या कडा बोथट होत होत्या तरी तेव्हा कळत होतं. "माझ्यामागे तू पडदे लावून बसशील. कुत्रा पडदे लावू देत नाही."

"मला कुत्रा नकोय," आई म्हणाली. "तुम्ही हवेत."

"ते माझ्या हातात नाही. कुत्रा आहे."

त्यानंतर ती विरोध करत राहिली आणि स्वतःच्याच कार्डावर लायब्ररीतून कुत्र्यांची पुस्तकंही आणत राहिली. मला तेव्हा शाळेत संख्याशास्त्राचा प्रकल्प होता. मी जाती घेतल्या आणि दहापैकी गुण द्यायला लागले. वजन, केस, व्यायाम, लहान मुलांशी वागणं. बाबा प्रत्येक आकड्यावर हुज्जत घालायचे. आज मी लंडनच्या हॅरोत राहते आणि विमा कंपनीसाठी माणसं किती जगतात याचे हिशेब करते. इतका कडक तपासनीस मला नंतर कुठल्याही कचेरीत भेटला नाही. "केसांना सहा कसे? केस मोजलेस का?"

आईची कसोटी वेगळी होती. महिन्याकाठी ती दहा किलो कणकेची पिशवी गाडीतून स्वयंपाकघरात एकटी उचलून आणायची. बाबा म्हणाले, तिला एकटीनं कुत्रा उचलून डॉक्टरकडे न्यावा लागला तर? तेव्हा दोन पिशव्यांच्या वरचं काही नको. एवढ्या एका नियमानं अर्धी यादी गळाली. गळालेल्यांतला आयरिश सेटर बाबांच्या हट्टापायी आम्ही तरीही वूस्टरला एका घरी जाऊन पाहिला, तांबूस, रेशमासारखा, देखणा. त्यानं शेपटीच्या एका फटक्यात चहाचे दोन कप पाडले, आणि आईनं घरी येऊन पाहिलं तर तिच्या काळ्या कोटावर तीन इंच लांबीचे केस. "हे उद्या निरांजनाच्या तुपात सापडतील," ती म्हणाली. मोठा पॉइंटर बाबांच्या मनात कायमचा भरलेला होता, पण त्याचा पट्टा आईच्या हातात दिला तेव्हा त्यानं तिला सरळ कुंपणापर्यंत ओढत नेलं. ती परत आली ती केस सावरत आणि एवढंच म्हणाली, "छान आहे. सर्कशीत द्या." शेजारच्या गल्लीतला स्प्रिंगर स्पॅनियल वजनात बसत होता, पोरांवर जीव टाकत होता, ऋषी तर तिथेच अडून बसला. "बाबा, ही कुत्रा घेऊ ना, ही खूप छान आहे!"

"हा कुत्रा," आईनं सुधारलं.

"पण तो गर्ल आहे."

"मग कुत्री म्हण."

बाबा नको म्हणाले. स्पॅनियल झुडपात घुसतो आणि पाखरं उडवतो, त्याचं कामच ते. "मला थांबणारा हवा," ते म्हणाले, आणि हे वाक्य म्हणायला त्यांना दोनदा सुरुवात करावी लागली, कारण 'थ'वर जीभ अडली. त्या वेळी ते काठी घेऊन चालायला लागले होते. आम्ही सगळे चालताना नकळत पुढे जायचो आणि मग अपराध्यासारखे थांबायचो. थांबणाऱ्या कुत्र्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं आणि गुणांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

ब्रिटनी ही जात आईनंच शोधली. एका जुन्या पुस्तकात शेवटी शेवटी दोन पानं होती. मूळची फ्रान्सची, पांढरी आणि नारिंगी, तोकड्या शेपटीची, वजन पंधरा किलोच्या आसपास. पाखरांसमोर थांबते, माणसापासून फार लांब जात नाही. मनानं हळवी असते, तिच्यावर आवाज चढवायचा नाही, चढवला तर ती खचते. आईनं शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक बाबांकडे सरकवलं. "आवाज तर तसाही चढणार नाही तुमचा," ती म्हणाली. हे बोलून तिचा तिलाच धक्का बसला. बाबा मात्र हसले. "दीड पिशवी," ते म्हणाले. "चालेल."

हेरफर्डशरमध्ये मिसेस हॉलोवे नावाच्या बाई ब्रिटनी पाळत, आणि त्यांच्याकडे पिल्लं झाली होती. आई गाडी चालवत होती. उतरल्यावर बाबा काठी टेकत पुढे गेले आणि त्यांनी नमस्काराची दोन वाक्यं इंग्रजीत म्हटली. घरी आम्हाला त्यांच्या बोलण्याची सवय झाली होती. त्या आवारात, परक्या बाईसमोर, मला ते पहिल्यांदा बाहेरच्या कानांनी ऐकू आलं. सगळे शब्द एकमेकांत विरघळलेले, नाकातून आलेले, आणि त्यात तोल सावरत उभं राहणं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी बाबांना उत्तर दिलं नाही. आईकडे वळून, अगदी सभ्यपणे, हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना जास्त बरं वाटत असेल अशा एखाद्या दिवशी या ना. माझी पिल्लं मी कुणालाही देत नाही. त्यांना रोज फिरवणारं, शुद्धीवर असणारं माणूस लागतं."

आमच्या घरात दारू म्हणजे नाताळच्या केकमध्ये असेल तेवढी. बाबांनी काठीवरचा हात बदलला आणि जमिनीकडे पाहिलं. काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण जे सांगायचं ते सांगण्याचं साधनच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं. आई माझ्या आठवणीत कधी ओरडलेली नाही. तेव्हाही ओरडली नाही. पण लायब्ररीत वापरते त्या नीटस इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "माझे मिस्टर डॉक्टर आहेत. त्यांना आजार आहे, त्यानं त्यांचं बोलणं जातंय. ते प्यायलेले नाहीत. तुमचं पिल्लू रोज मी फिरवणार आहे. पावसात आणि बर्फातसुद्धा. मी शुद्धीवर आहे असं तुम्हाला वाटतं का?"

मिसेस हॉलोवे मानेपर्यंत लाल झाल्या. मग त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, माफी मागितली आणि आम्हाला आत नेलं. पिल्लांतल्या एकीला घेऊन त्या बाहेर आल्या. पुढे कधीही, कुठल्याही कारणानं तिला ठेवणं जमलं नाही तर फक्त फोन करा, मी येऊन घेऊन जाईन, असं त्यांनी आईला दोनदा सांगितलं.

परतीच्या वाटेवर पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं होतं. बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "शब्द दिलास."

"त्या बाईला दिला," आई म्हणाली. "कुत्रीला नाही."

"कुत्रीला कुठे फरक कळतो?"

नाव ठेवताना बाबांनी नेहमीसारखा विचार केला. ओठांची अक्षरं आधीच गेली होती, प, ब, म. ट आणि र जात होते. स्वर शेवटपर्यंत टिकतात, ते म्हणाले. म्हणून ओवी. आईनं तक्रार केली, की माणसांच्या मुलींचं नाव कुत्रीला कसं ठेवायचं, समोरच्या देशपांड्यांच्या नातीचं तेच आहे. बाबांनी "ओवी" म्हणून दाखवलं. थोड्याच महिन्यांत ते "ओई" झालं, आणि ती दोन्हीला ओ देऊ लागली.

शिकवण्याचं काम बाबांनी मागच्या बागेत खुर्चीत बसून केलं. त्यांनी एक प्लॅस्टिकची शिट्टी आणली होती. पुस्तकातला नियम असा होता, की एक लांब शिट्टी वाजली की कुत्र्यानं जिथे असेल तिथे खाली बसायचं आणि मालकाकडे पाहत राहायचं, तो पुढची खूण करेपर्यंत. पुढची खूण बाबांनी स्वतःची ठरवली, गुडघ्यावर थाप. थाप पडली की ओवीनं धावत येऊन गुडघ्यावर डोकं ठेवायचं. ओठांत जोर नव्हता, म्हणून ते शिट्टी दातांत धरत आणि दोन बोटांनी ओठ मिटून घेत. ओवी चार महिन्यांची होईपर्यंत तिला हे पक्कं जमलं. आईनं त्या शिट्टीला हात लावला नाही. लहानपणी तिनं शिट्टी वाजवली म्हणून मावशीनं तिच्या हातावर मारलं होतं. बायकांनी शिट्टी वाजवायची नाही आणि घरात तर मुळीच नाही.

आम्ही त्या जातीचे केस तपासले होते, वजन, भुंकणं, पोरांशी वागणं, व्हॅक्यूम क्लीनरला घाबरणं, फटाक्यांना घाबरणं, सगळं तपासलं होतं. एका गोष्टीचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही, आणि ती गोष्ट रोज संध्याकाळी आमच्या गॅसवर चढत होती. एरवी त्या वेळी ओवी बागेत असायची. एकदा पाऊस होता म्हणून ती आत होती, ऋषीचा मोजा तोंडात धरून टेबलाभोवती पळत होती, आणि कुकरची पहिली शिट्टी झाली. लांब, एकसुरी, बाबांच्या शिट्टीच्या अगदी जवळचा सूर. ओवीनं मोजा टाकला आणि जागच्या जागी बसली, पुढच्या खोलीत बाबा बसत त्या खुर्चीकडे तोंड करून.

"अगं, हिला काय झालं?" आई पळी घेऊन धावत आली. "मनू, बघ गं, आजारी पडली की काय!"

मला कळलं तेवढ्यात बाबांनाही कळलं, आणि ते हसायला लागले. या आजारात हसू आलं की आवरत नाही आणि त्याचं रडू कधी होतं ते समजत नाही. डोळे पुसत पुसत त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. ओवी धावत गेली. दुसरी शिट्टी झाली. ओवी उठून मागे सरकली आणि पुन्हा बसली. पुन्हा थाप. आमच्याकडे वरणभाताला तीन शिट्ट्या लागत. त्या संध्याकाळी तिन्ही वेळा हे झालं, आणि त्यानंतर रोज.

प्लॅस्टिकची शिट्टी बाबांना वाजवता येईनाशी झाली तेव्हा कुकरची तेवढी उरली. हॉस्पिटलकडून त्यांना टाइप केलं की बोलणारं एक मशीन मिळालं होतं. त्याला मराठी येत नव्हतं. बाबा रोमन अक्षरांत मराठी लिहीत आणि मशीन ते एखाद्या इंग्रज साहेबाच्या तोऱ्यात वाचे. एका दुपारी चारलाच ते म्हणालं, "कुकर लॅव्ह." इथे लॅव्ह म्हणजे संडास. ऋषी जमिनीवर लोळून हसला. आई म्हणाली, "अहो, आत्ता कुठे लावू? भूक लागलीय का?" बाबांनी मानेनंच नाही म्हटलं. तेव्हा ते नळीतूनच अन्न घेत होते. आईनं एकदा ओवीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि काही न विचारता डाळ धुवायला घेतली. मशीनच्या आवाजाकडे ओवीनं कधीच लक्ष दिलं नाही. थाप मात्र ती ओळखायची, पुढे पुढे ती थाप म्हणजे गुडघ्यावर नुसती बोटं हलवणं राहिलं तरी.

बाबा हिवाळ्यात गेले, सकाळी, घरी, आम्ही तिघं जवळ असताना. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही.

तेरावा झाला, पुण्याहून आलेले काका परत गेले. आईनं त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे कुकर लावला. शिट्टी झाली. ओवी खुर्चीसमोर जाऊन बसली आणि खुर्चीकडे पाहत राहिली. मी तिला हाक मारली, ऋषीनं बिस्किट दाखवलं. ती हलली नाही. शिकवलंच तसं होतं, थाप पडेपर्यंत हलायचं नाही. आईनं गॅस बंद केला. आम्ही जेवलो, भांडी आवरली, ओवी तिथेच होती. शेवटी मी तिला उचलून वर नेलं.

दुसऱ्या दिवसापासून भात पातेल्यात शिजू लागला. डाळ कधी कच्चट राहायची, कधी खाली लागायची. कुकर धुवून वरच्या कपाटात गेला. आई ओवीला फिरवायला न्यायची, दिलेला शब्द म्हणून, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. परत आली की पुढच्या खोलीचे पडदे लावायची. त्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं, आणि कुणी बसू नये असं कुणी म्हणालंही नव्हतं. मग एकदा मी शाळेतून आले तेव्हा ती फोन ठेवत होती. "त्या बाई येतायत रविवारी," ती म्हणाली. "तिला घेऊन जातील. त्यांच्याकडे मोकळं रान आहे. इथे ती काय, वाटच बघत बसते." ऋषी रडला. मी वाद घातला नाही. मला वाटलं, आई बरोबर सांगते आहे.

रविवारी मिसेस हॉलोवे आल्या. इतक्या लांबून आलेलं माणूस, तेही जेवणाच्या वेळेला. त्याला न जेवता जाऊ देणं आईला शक्य नव्हतं, मग ते कशासाठीही आलेलं असो. आणि पाहुण्याला कच्चट डाळ वाढणंही शक्य नव्हतं. मी टेबल मांडत होते तेव्हा तिनं वरचं कपाट उघडलं. मिसेस हॉलोवे पुढच्या खोलीत ओवीला पट्टा अडकवत होत्या, तिच्या मानेवरून हात फिरवत तिच्याशी बोलत होत्या.

शिट्टी झाली.

ओवी त्यांच्या हातातून सुटली, पट्टा फरफटत खुर्चीपाशी गेली आणि बसली. तोंड वर, कान मागे. मिसेस हॉलोवेंनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना समजलं असावं, कारण पट्टा धरायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. आई दारात आली होती, हातात पळी, पदर खोचलेला. तिथे ती किती वेळ उभी होती सांगता येत नाही. मग ती आत आली, पळी टीव्हीवर ठेवली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. अगदी कडेला, परक्याच्या घरी बसतात तशी. खुर्ची बाबांच्या उंचीची, तिचे पाय पुरते जमिनीला टेकत नव्हते. तिनं गुडघ्यावर हात ठेवला, उचलला आणि थाप मारली.

ओवी आली. तिनं आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

"हं," आई म्हणाली. "झालं हं. झालं."

दुसरी शिट्टी झाली. ओवी उठून मागे सरकली, बसली, आईकडे पाहू लागली. आईनं थाप मारली. मिसेस हॉलोवेंनी खाली वाकून पट्ट्याची कडी सोडली आणि पट्टा दाराच्या खुंटीला लावून टाकला. तिसरी शिट्टी झाली. आमच्या आईच्या हिशेबानं तिसरीनंतर गॅस बंद व्हायलाच हवा, त्यात तिची कधी चूक झालेली नव्हती. ती उठली नाही. चौथी झाली, पाचवी झाली, प्रत्येक वेळी ओवी मागे सरकून बसायची आणि आई थाप मारायची, आणि कधीतरी तिची पाठ खुर्चीला टेकली. शेवटी ऋषीच आत जाऊन गॅस बंद करून आला.

डाळीचं पार पाणी झालं होतं. मिसेस हॉलोवेंनी ती दोनदा मागून घेतली.